विनयपिटकाच्या आधारे संसदेची परिभाषा

वर्षावासाच्या तीन महिन्यांत वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील अनेक विहारांतून सायंकाळी ग्रंथवाचन चालते. अशाच एका विहारात प्रवचनासाठी जाण्याचा योग आला असता, वंदना आटोपल्यावर एका वृद्ध उपासिकेने आम्हांस प्रश्न विचारला, “सर, टीव्हीवर सांगतात का लोकसभा तहकूब झाली. म्हंजे त्या समद्यायले सुट्टी भेटली काय?” सभेत हशा पिकला. परंतु तहकुबी म्हणजे नेमके काय, ती सत्रसमाप्तीहून वेगळी कशी आणि विसर्जनाहून वेगळी कशी, हे हसणाऱ्यांपैकी एकालाही सांगता येईना. त्यांत शिक्षक होते, ग्रामपंचायतीचे सदस्य होते. आणि खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हीही अडखळलो. विनयपिटकातील संघकर्माची परिभाषा शिकविण्यात आमची बरीच वर्षे गेली. पण ज्या संसदेचा कायदा आपल्या घरादारापर्यंत येऊन पोहोचतो तिची परिभाषा आम्ही कधी लक्षपूर्वक वाचली नव्हती. प्रस्तुत लेख हा त्या सायंकाळच्या ऋणाची अंशतः फेड आहे.

या दोन परिभाषा शेजारी ठेवण्याची कल्पना आमची नाही. दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी ती मांडलेली आहे. भारताला संसदीय कार्यपद्धती अपरिचित नव्हती, असे सांगताना त्यांनी भिक्खुसंघाच्या नियमांचा दाखला दिला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतगणना, शलाकांनी गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव, अनियमित कृतीचे नियमन आणि एकदा निकाली निघालेला प्रश्न पुन्हा न उकरण्याचा दंडक, एवढ्या गोष्टी त्यांनी एकामागून एक नमूद केल्या. तथागतांनी हे नियम संघाच्या सभांना लावले असले तरी ते तत्कालीन राजकीय सभांतून घेतले असावेत, असाही त्यांचा तर्क होता. ही पद्धती भारताने एकदा गमावली, ती दुसऱ्यांदा गमावणार काय, ही त्यांची चिंता सर्वश्रुत आहे.

आपल्याकडे या भाषणाचा उल्लेख पुष्कळदा अभिमानाने होतो आणि तेथेच थांबतो. बाबासाहेबांनी दिलेली यादी हे अभ्यासाचे निमंत्रण आहे, असे आमचे नम्र मत आहे. कोणता शब्द कोठे जुळतो आणि कोठे जुळत नाही, हे मूळ पालि वचनांशी ताडून पाहिले पाहिजे. जेथे जुळत नाही तेथेच, आमच्या अनुभवाने, शिकण्याजोगे अधिक सापडते.

गणपूर्ती

मराठीत ज्याला आपण गणपूर्ती किंवा कोरम म्हणतो त्याच्याशी पालितील ‘गणपूरक’ हा शब्द किती निकट आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकात संघाचे प्रकार संख्येवरून सांगितले आहेत. चार भिक्खूंचा संघ उपसंपदा, पवारणा आणि अब्भान ही तीन वगळता सर्व कर्मे करू शकतो. पाचांचा संघ पवारणाही करू शकतो, मात्र मध्य जनपदात उपसंपदा देऊ शकत नाही. तिच्यासाठी दहा भिक्खू लागतात, आणि अब्भानासाठी, म्हणजे दोषमुक्त भिक्खूला पुन्हा संघात सामावून घेण्यासाठी, वीस लागतात. कार्य जितके गंभीर तितकी संख्या मोठी, हे त्यामागील तत्त्व होय.

या नियमास एक अपवाद करण्यात आला, आणि तो आपल्या बाजूच्या प्रदेशामुळे करण्यात आला, हे सांगताना आम्हांस विशेष आनंद वाटतो. अवंती-दक्षिणापथात भिक्खूंची संख्या अल्प होती. सोण कुटिकण्ण या उपासकास उपसंपदा हवी होती. पण दहा भिक्खू एकत्र करण्यास महाकच्चान थेरांना तीन वर्षे लागली. पुढे सोण तथागतांच्या दर्शनास गेला, तेव्हा आपल्या उपाध्यायांच्या वतीने त्याने ही अडचण निवेदन केली. तथागतांनी सर्व प्रत्यंत जनपदांसाठी विनयधरासह पाच जणांच्या संघाने उपसंपदा देण्यास अनुमती दिली. विदर्भ हा मध्य जनपदाच्या दक्षिणेकडील, म्हणून प्रत्यंत प्रदेशच. नियम कठोर असावा, परंतु दूरच्या माणसाला त्याने दाराबाहेर ठेवू नये, हा विचार या दुरुस्तीत स्पष्ट दिसतो.

आता संसदेकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद १०० नुसार प्रत्येक सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यसंख्येच्या एक-दशांश आहे. लोकसभेच्या ५४३ सदस्यांपैकी ५५ उपस्थित असले की काम चालू शकते. राज्यसभेच्या २४५ पैकी २५ असले की पुरे. गणपूर्ती नसल्यास सभागृह तहकूब करणे अथवा काम थांबविणे हे अध्यक्षांचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात मात्र एखाद्या सदस्याने उठून लक्ष वेधल्याखेरीज मोजणी होत नाही. लक्ष वेधले की घंटा वाजते आणि उपाहारगृहातले सदस्य धावत येतात.

येथे एक मोठा भेद आहे. संघात चार ही केवळ किमान संख्या होती, ती पुरेशी कधीच नव्हती. सीमेच्या आत जितके भिक्खू असतील तितक्या सर्वांनी उपस्थित राहावे, किंवा आजारी असल्यास आपला ‘छन्द’ दुसऱ्याकरवी पाठवावा, तरच संघ ‘समग्ग’ ठरे. (मराठीत छंद म्हणजे आवड, पालित या ठिकाणी त्याचा अर्थ संमती असा आहे.) एकही जण वगळला गेला तर ते ‘वग्गकम्म’, म्हणजे तुकड्याने केलेले कर्म, आणि म्हणून रद्दबातल. संसदेत छन्द पाठविण्याची सोय नाही. जो उपस्थित राहून मत देईल त्याचेच मत गणले जाते. म्हणूनच आपला खासदार त्या दिवशी सभागृहात होता की नव्हता, हा प्रश्न मतदाराने विचारण्यासारखा आहे.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाचे उत्तर. तहकुबी म्हणजे चालू बैठक काही तासांसाठी, दिवसांसाठी अथवा अनिश्चित काळासाठी थांबविणे. हा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे लोकसभेत अध्यक्षांचा आणि राज्यसभेत सभापतींचा. सत्रसमाप्ती म्हणजे संपूर्ण अधिवेशनाचा शेवट. तो राष्ट्रपतींच्या आदेशाने होतो, आणि दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू देता येत नाही. विसर्जन हे फक्त लोकसभेचे होते. राज्यसभा कायम असते, तिचे सुमारे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. तहकुबीने आणि सत्रसमाप्तीने विधेयक मरत नाही. विसर्जनाने मात्र लोकसभेत प्रलंबित असलेले विधेयक ‘व्यपगत’ होते, म्हणजे आपोआप संपुष्टात येते. महिला आरक्षणाचे विधेयक २०१० मध्ये राज्यसभेने संमत केले होते; २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले. पुढे २०२३ मध्ये नवे विधेयक आणून ते दोन्ही सभागृहांत संमत करावे लागले. एका शब्दात तेरा वर्षे कशी मावतात, हे यावरून कळावे.

प्रतोद

बाबासाहेबांच्या यादीतील ‘प्रतोद’ या शब्दाविषयी पालि अभ्यासकाने थोडे सावधपणे बोलले पाहिजे. काशीप्रसाद जायसवाल यांनी प्राचीन गणराज्यांवरील आपल्या ग्रंथात गणपूरकाला आजच्या प्रतोदाच्या जागी बसविले, आणि तो अर्थ पुढे रूढ झाला. महावग्गात गणपूरक म्हणजे आपल्या उपस्थितीने आवश्यक संख्या पूर्ण करणारा भिक्खू. तो संख्या भरून काढतो. दुसऱ्याचे मत बांधून ठेवण्याचा अधिकार त्याला नाही.

आजच्या प्रतोदाचे काम दुहेरी आहे. आपल्या पक्षाचे सदस्य सभागृहात हजर ठेवणे हे पहिले, आणि त्यांनी पक्षाच्या आदेशाप्रमाणेच मत द्यावे हे पाहणे दुसरे. या लेखी आदेशालाच पक्षादेश किंवा व्हिप म्हणतात. तो किती निकडीचा आहे हे त्याच्याखालील रेघांवरून ओळखतात, आणि तीन रेघांचा आदेश सर्वांत कडक. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या, इतकेच नव्हे तर परवानगीवाचून मतदानास गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षांतराचा बाजार थांबविण्यासाठी हा कायदा आवश्यक होता, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यामुळे साध्यासुध्या विधेयकावरही सदस्याचे स्वतःचे मत उरले नाही, हेही तितकेच खरे.

प्रसंगवश एक शब्दगंमत. ‘प्रतोद’ म्हणजे चाबूक किंवा पराणी, पालित ‘पतोद’. अंगुत्तर निकायात चार प्रकारच्या घोड्यांचे वर्णन आहे. त्यांतला उत्तम घोडा पतोदाची नुसती सावली दिसताच उमगतो. आजच्या सभागृहांत अशा उत्तम अश्वांची वाण नाही. मात्र तथागतांचा तो दृष्टान्त दुःखाच्या जाणिवेने जागे होणाऱ्या माणसाविषयी आहे, आज्ञाधारकपणाविषयी नाही.

प्रस्ताव, वाचन आणि मौन

संघापुढे कोणताही विषय आणावयाचा तर समर्थ आणि जाणत्या भिक्खूने प्रथम ‘ञत्ति’ मांडावी लागे. ञत्ति म्हणजे ज्ञप्ती. आजच्या भाषेत प्रस्तावाची सूचना. तिच्यानंतर ‘अनुस्सावन’, म्हणजे प्रस्तावाचे सर्वांना ऐकू जाईल असे वाचन. सामान्य विषयाला एक ञत्ति आणि एक अनुस्सावन पुरे. त्याला ‘ञत्तिदुतिय कम्म’ म्हणत. उपसंपदेसारख्या गंभीर विषयाला एक ञत्ति आणि तीन अनुस्सावने. ते ‘ञत्तिचतुत्थ कम्म’. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहावे, ज्यांना अमान्य असेल त्यांनी बोलावे, असे सांगून तीनदा अवसर दिला जाई, आणि मौन असेल तर ठराव संमत झाल्याची घोषणा होई.

आपला वाशीम जिल्हा ज्या वत्सगुल्माचा वारस आहे, त्या वत्सगुल्माच्या वाकाटकांचा एक ताम्रपट वाशीम येथे सापडला आहे. विंध्यशक्ती द्वितीय याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील हा ताम्रपट ग्रामदानाचा आहे. राजाने सांगितले आणि झाले. त्यात कोणी प्रस्ताव मांडला नाही, कोणी वाचला नाही. याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे संघाला दान दिले. राजाचा शब्द हाच जेथे कायदा, तेथल्या सचिवाने दिलेल्या त्या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंना मात्र साधा भांडारपाल नेमावयाचा झाला तरी विनयानुसार ञत्ति मांडून सर्वांची संमती घेणे भाग होते. दोन राज्यपद्धती एका डोंगरात कशा शेजारी नांदत होत्या, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

संसदेत शासनाचा किंवा सदस्याचा कायदाविषयक प्रस्ताव ‘विधेयक’ म्हणून येतो. त्याचीही तीन वाचने होतात, म्हणून पुष्कळजण त्यांची तुलना तीन अनुस्सावनांशी करतात. ही तुलना संख्येपुरतीच खरी आहे. अनुस्सावनात तेच शब्द तीनदा उच्चारले जातात. विधेयकाची तीन वाचने मात्र तीन निरनिराळ्या पायऱ्या होत. पहिल्या वाचनात ते पुरःस्थापित होते, म्हणजे सभागृहासमोर येते. दुसऱ्यात त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, ते समितीकडे जाऊ शकते, आणि मग एकेक कलम घेऊन त्यावर दुरुस्त्यांसह मत घेतले जाते. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक संमत करावयाचे की नाही एवढाच प्रश्न उरतो. कायद्याचे खरे घडणे-बिघडणे दुसऱ्या वाचनात असते. ज्याला एखाद्या विधेयकावर काही म्हणावयाचे असेल त्याने तिसऱ्या वाचनापर्यंत थांबू नये.

हिंदू संहिता विधेयकाचा इतिहास या पायऱ्यांच्या आधारे वाचला म्हणजे बाबासाहेबांची वेदना नीट कळते. ते विधेयक ११ एप्रिल १९४७ रोजी मांडले गेले, १९४८ मध्ये प्रवर समितीकडे गेले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात कलमवार विचारात अडकले. चार कलमे संमत झाली आणि तेथेच ते सोडून देण्यात आले. ते मतदानात पडलेले नाही. त्याच्याविरुद्ध बहुमत आहे, हे कोणालाही मोजून दाखवावे लागले नाही. विधेयकाला मारण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे त्यास वेळ न देणे, आणि त्या मार्गावर कोणाचीही सही नसते. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

मौनाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. संघातील मौन संमती ठरते, कारण तेथे प्रत्येक जण उपस्थित असतो, विषय सर्वांना कळेल असा सांगितलेला असतो आणि बोलण्याचा अवसर दिलेला असतो. संसदेत आवाजी मतदान होते; अध्यक्ष ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या आवाजावरून निर्णय सांगतात. गोंगाटात कोणाचा आवाज अधिक, हे ठरविणे सोपे नसते. म्हणून एखाद्या सदस्याने आक्षेप घेऊन मतविभागणी मागितली तर दारे बंद होतात आणि प्रत्येकाचे मत नोंदले जाते. आवाजी मतदानात कोणत्या खासदाराने काय केले याची नोंद राहत नाही. मतविभागणीत ती राहते. या भेदाचे महत्त्व आमच्या मते फार मोठे आहे.

शलाका

वाद मिटेना तेव्हा संघात ‘येभुय्यसिका’, म्हणजे बहुमताने निर्णय, होई. त्यासाठी रंगीत शलाका वाटल्या जात. त्या वाटणारा ‘सलाकागाहापक’ पाच गुणांचा हवा. आवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, तसेच कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा, असा तो असावा. मत घेण्याच्या तीन रीती चुल्लवग्गात आहेत. गूळ्हक म्हणजे गुप्त, विवटक म्हणजे उघड आणि सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून.

येथपर्यंत वाचताना ऊर भरून येतो. पण पुढील नियम बहुतेक लेखांतून गाळला जातो. गुप्त रीतीने मत घेताना अधम्मवादी अधिक आहेत असे सलाकागाहापकाच्या ध्यानी आले, तर त्याने मत नीट घेतले गेले नाही असे म्हणून शलाका परत घ्याव्यात. धम्मवादी अधिक असतील तर मत नीट झाल्याचे जाहीर करावे. म्हणजे संघात बहुमत हे धम्माच्या अधीन होते, आणि धम्म कोठे आहे हे मत मोजणारा ठरवीत होता!

हा अधिकार आज लोकसभेच्या अध्यक्षांना दिला तर काय होईल, याची कल्पनाही नको. अध्यक्ष प्रथमतः मत देत नाहीत; दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच निर्णायक मत देतात. दिनांक १७ एप्रिल १९९९ रोजी विश्वासदर्शक प्रस्तावाच्या बाजूने २६९ आणि विरुद्ध २७० मते पडली. एका मताने केंद्र सरकार गेले आणि ती संख्या सर्वांनी मान्य केली. परंतु विनयातील त्या नियमामागचा प्रश्न खोटा नाही. बहुमत चुकले तर त्याला थांबवावयाचे कोणी? विनयकारांनी उत्तर दिले, धम्माने. आपल्या संविधानाने उत्तर दिले, संविधानाने. आणि ते सांगण्याचे काम मत मोजणाऱ्याकडून काढून न्यायालयाकडे दिले. दिनांक २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेलाही संविधानाच्या मूलभूत संरचनेला हात लावता येत नाही, असे ठरविले. मोजणारा आणि तोलणारा हे दोघे वेगळे असावेत, ही सुधारणा विनयावर मात करणारी आहे, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

उलट एका बाबतीत विनय पुढे आहे. चम्पेय्यक्खन्धकात ‘धम्मपतिरूपक’ कर्माचा उल्लेख येतो. त्यात सर्व विधी दिसतो, पण क्रम चुकलेला असतो; ञत्ति आधी यावयाची ती अनुस्सावनानंतर येते. असे कर्म वरून धम्मासारखे दिसते, पण ते कर्मच नव्हे. सर्वांनी मान्यता दिली तरी ते रद्द. संसदेबाबत संविधानाचा अनुच्छेद १२२ याच्या विरुद्ध दिशेने जातो. कार्यपद्धतीतील केवळ अनियमिततेच्या कारणावरून संसदेच्या कामकाजाची वैधता न्यायालयात प्रश्नास्पद करता येत नाही. सभागृहाच्या स्वातंत्र्यासाठी ते आवश्यकही आहे. याचा अर्थ असा की, एखादे विधेयक गोंधळात, चर्चेवाचून, काही मिनिटांत आवाजी मताने संमत झाले तर त्या रीतीला न्यायालय सहसा हात लावणार नाही. ती रीत धम्मपतिरूपक आहे, हे ओळखावयाचे आणि बोलावयाचे काम पाहणाऱ्या नागरिकाकडे उरते. आणि ज्याला शब्दच ठाऊक नाहीत तो ओळखणार तरी कसा?

उब्बाहिका

चर्चा अंतहीन झाली आणि कोणाच्याही बोलण्याचा अर्थ लागेना, तर संघ तो विषय निवडक भिक्खूंच्या ‘उब्बाहिके’कडे सोपवी. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत दहा वादग्रस्त गोष्टींवर हेच झाले. पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार थेर निवडले गेले. दोन्ही पक्ष समसमान, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांची आसने मांडण्याचे काम अजित नावाच्या दहा वर्षांच्या उपसंपदेच्या भिक्खूकडे होते. संसदेच्या प्रवर समित्या, संयुक्त समित्या आणि १९९३ पासून सुरू झालेल्या विभागवार स्थायी समित्या या आजच्या उब्बाहिका होत. तेथे सदस्य पक्षसंख्येच्या प्रमाणात असतात, बैठका बंद दाराआड होतात आणि पक्षादेश लागू नसतो. दूरदर्शनवर दिसत नाही ते पुष्कळसे काम तेथेच होते.

सभात्याग

सभात्यागासाठी भिक्खुपातिमोक्खात स्वतंत्र नियम आहे, हे सांगितल्यावर आमचे विद्यार्थी चकित होतात. संघात निर्णयाची चर्चा चालू असता छन्द न देता आसनावरून उठून जाणाऱ्या भिक्खूला पाचित्तिय दोष लागतो. तथापि काही अपवाद दिले आहेत. आजारी असेल किंवा आजाऱ्याच्या कामासाठी जात असेल, देहधर्मासाठी जात असेल, किंवा आपण थांबल्याने संघात भांडण वा भेद होईल असे वाटत असेल, तर दोष नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा अपवाद असा की, येथे अधम्माने अथवा अपुऱ्या संघाने कर्म होणार आहे असे वाटून उठला, तर त्यालाही दोष नाही.

१९५१ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांना आपल्या राजीनाम्याविषयी संसदेत निवेदन करावयाचे होते. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याला असे निवेदन करण्याचा संकेत आहे. पीठासीन उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत अगोदर मागितली. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. तो सभात्याग आम्ही या शेवटच्या अपवादात बसवितो. रोज उठून होणाऱ्या सभात्यागांपैकी किती त्यात बसतील, हे वाचकांनी स्वतः पाहावे. ज्या विधेयकाला विरोध आहे त्याच्या मतविभागणीपूर्वी बाहेर पडणे म्हणजे विरोधाची संख्या स्वतःच कमी करणे होय, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पैसा आणि प्रश्न

काही शब्दांना विनयात प्रतिशब्द नाही, कारण संघापाशी कर घेणारे शासन नव्हते. अर्थसंकल्पानंतर प्रत्येक मंत्रालयाच्या खर्चाची ‘अनुदानाची मागणी’ लोकसभेपुढे येते. धोरण नापसंत असल्यास मागणीची रक्कम एक रुपयावर आणावी अशी ‘कपात सूचना’ देता येते. प्रत्यक्षात थोड्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते. ठरलेल्या शेवटच्या दिवशी उरलेल्या सर्व मागण्या चर्चेवाचून एकत्र मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. शिष्यवृत्ती, वसतिगृहे किंवा अनुसूचित जातींसाठीच्या तरतुदी ज्या मागणीत असतील ती चर्चेला आली की गिलोटिनखाली गेली, हे आपल्या संस्थांनी दर वर्षी पाहण्यासारखे आहे. धन विधेयकाबाबत राज्यसभेला केवळ शिफारस करता येते, तीही चौदा दिवसांत. अन्य विधेयकांवर दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलाविता येते. कायदा संमत करण्यासाठी अशा बैठका १९६१, १९७८ आणि २००२ अशा तीनदाच झाल्या.

प्रश्नोत्तराच्या तासाला मात्र पालित एक जवळचा नातेवाईक आहे, तो म्हणजे पवारणा. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू, थेरांपासून नवकापर्यंत, संघापुढे बसून विनंती करतो की, माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले किंवा शंकिले असेल तर ते सांगावे. येथे ज्याची चूक असेल तोच विचारण्यास बोलावतो. मंत्री असे बोलावीत नाहीत. म्हणून सदस्याला पंधरा दिवस आधी सूचना देऊन प्रश्न विचारावा लागतो. ‘तारांकित’ प्रश्नाचे उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. लोकसभेत एका दिवशी असे वीसच प्रश्न यादीत येतात. ‘अतारांकित’ प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. शून्य प्रहर हा नियमपुस्तकात नसलेला, प्रथेने आलेला वेळ. त्यात निकडीचा विषय मांडता येतो, पण मंत्र्यांवर तत्काळ उत्तराचे बंधन नसते.

वाशीम हा २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक. त्या योजनेत आपल्या तालुक्यात काय झाले, हा लेखी उत्तर मागता येण्याजोगा सरळ प्रश्न आहे. असे आम्ही त्या विहारात सांगत असता ती उपासिका पुन्हा म्हणाली, “मंग आपण इचारा म्हणून खासदाराले चिठ्ठी लिहू शकतो काय?” लिहू शकतो, आणि अतारांकित प्रश्न विचारा, असे त्यात स्पष्ट म्हणावे, असे आम्ही सांगितले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ च्या निवडणुकीपासून, जुना वाशीम लोकसभा मतदारसंघ राहिलेला नाही. वाशीम आणि कारंजा हे विधानसभा मतदारसंघ यवतमाळ-वाशीम लोकसभेत गेले, रिसोड अकोल्यात. तिचे गाव रिसोड तालुक्यातले. तेव्हा चिठ्ठी अकोल्याच्या खासदारांच्या नावे लिहिली पाहिजे, असे सांगताच मागच्या ओळीतून एक मुलगी वही घेऊन पुढे आली.